६४ बिट एआरएम लिनक्स आणि न लागणारा धडा : वाइडवाइनचं एक पूर्ण प्रकरण

ताईने एक ऑनलाइन कोर्स घेतला, पैसे भरून, आणि पहिलाच धडा लागेना. तिच्या टेबलावर एक छोटा एआरएम बोर्ड आहे (मोबाइलमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर), मीच बसवून दिलेला, त्यावर उबुंटू लिनक्स २२.०४, ६४ बिट. मेल, कागदपत्रं, प्रिंटर, यूट्यूब सगळं वर्षभर व्यवस्थित चालू होतं. आणि कोर्सचा व्हिडिओ उघडला की काळा चौकोन आणि खाली एक ओळ, तुमचा ब्राउझर संरक्षित मजकूर दाखवू शकत नाही. तिचा फोन आला, "अरे, यूट्यूब चालतंय, बाकी सगळं चालतंय, मग हेच कसं नाही चालत? पैसे भरलेत मी." मी घाईत सांगितलं की कॅशे साफ कर, दुसरा ब्राउझर बघ, तिने दोन्ही केलं, काही फरक पडला नाही. मग रविवारी तिच्याकडे जाऊन बसलो आणि तिथून पुढे दोन आठवडे हे प्रकरण चाललं, ते सगळं क्रमाने लिहितोय कारण शोधताना मला जे सल्ले सापडले ते एकतर जुन्या ३२ बिट सिस्टीमचे होते किंवा फक्त "ही कमांड मारा" इतकेच, आणि का मारायची ते कळलं नाही तर पुढची एरर आली की माणूस तिथेच अडकतो.

हे सगळं झालं ते एक प्लगिन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचा तुकडा, नसल्यामुळे, तर आधी तो कुठला ते. बऱ्याच जणांना वाटतं की ब्राउझर प्लगिनचा काळ संपला, आणि जुन्या अर्थाने संपलाच आहे. लिनक्सवरच्या क्रोमने मे २०१४ मध्ये आवृत्ती ३५ ला प्लगिन जोडायचा जुना एनपीएपीआय इंटरफेस काढला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये आवृत्ती ५२ ला फ्लॅश सोडून बाकी सगळे प्लगिन बंद केले आणि फ्लॅश स्वतः ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण एक बंद तुकडा राहिलाय, त्याला सीडीएम म्हणतात, म्हणजे कुलूपबंद व्हिडिओ उघडणारं मॉड्यूल. ब्राउझर आणि हे मॉड्यूल एकमेकांशी कसं बोलतील त्याचं स्टँडर्ड म्हणजे ईएमई, डब्ल्यू३सी या वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने ते सप्टेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. साइटवरून एन्क्रिप्ट केलेला व्हिडिओ येतो, ब्राउझर तो मॉड्यूलच्या हातात देतो, मॉड्यूल साइटच्या लायसन्स सर्व्हरकडून किल्ली मिळवतं आणि व्हिडिओ उघडतं. लिनक्सवर हे मॉड्यूल म्हणजे जवळपास नेहमीच वाइडवाइन, गूगलने २०१० मध्ये विकत घेतलेल्या कंपनीचं. फायरफॉक्समध्ये ते लिनक्ससाठी सप्टेंबर २०१६ पासून, आवृत्ती ४९ पासून आहे. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या पीसीवर फायरफॉक्स ते गुपचूप डाउनलोड करून घेतो आणि क्रोममध्ये तर ते सोबतच येतं, त्यामुळे आपल्या मशीनवर असं काही बसलंय हेच कुणाला माहीत नसतं.

ताईच्या मशीनवर टर्मिनलमध्ये यूनेम मायनस एम मारलं, उत्तर आलं एआर्च६४. फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑन पानावर प्लगिनच्या यादीत ओपनएच२६४ हा दुसरा व्हिडिओ प्लगिन एकटाच, वाइडवाइनचं नावच नाही. माझ्या स्वतःच्या पीसीवर त्याच यादीत दोघंही आहेत. म्हणजे काहीतरी बिघडलं होतं असं नव्हतंच, ती फाइल तिथे कधी आलीच नव्हती, कारण आम्ही हे करत होतो तेव्हा डेस्कटॉप एआरएम६४ लिनक्ससाठी ब्राउझरला आपोआप उचलता येईल असं वाइडवाइन ठेवलेलंच नव्हतं.

मी पीसीवरून लिबवाइडवाइनसीडीएम ही एसओ फाइल (लिनक्सवरची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने लोड करायचा तयार कोड) पेन ड्राइव्हवर आणली होती, फक्त दाखवायला. फाइल कमांडने तिची ओळख विचारली तर ईएलएफ (लिनक्सवरच्या तयार कोडच्या फाइलचा साचा) ६४ बिट, एक्स८६-६४, म्हणजे इंटेल-एएमडीचा. ताईने बरोबर तिथेच बोट ठेवलं, "हे पण ६४ आणि माझं पण ६४, मग?" तर ६४ बिट हा फक्त आकडा आहे, त्याने एवढंच कळतं की पत्ते किती मोठे. प्रोसेसर कुठली भाषा बोलतो ते त्यात नाही. एआरएमचा प्रोसेसर आणि इंटेलचा प्रोसेसर दोघंही ६४ बिट असून एकाची एक सूचना दुसऱ्याला कळत नाही, आणि एका प्रोसेसमध्ये दोन भाषांचा कोड एकत्र लोड करता येत नाही.

ज्यांनी २००५ ते २०११ च्या काळात ६४ बिट लिनक्स वापरलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर २००३ मध्ये आले, लिनक्सची जवळपास सगळी ओपन सोर्स सॉफ्टवेअर पटापट त्यावर कंपाइल झाली, म्हणजे सोर्सवरून त्या प्रोसेसरच्या भाषेत तयार झाली, आणि फ्लॅश मात्र ३२ बिटच. तेव्हा लोक एकतर अख्खा ३२ बिट फायरफॉक्स बसवायचे, नाहीतर एनएसप्लगिनरॅपर वापरायचे, जो ३२ बिट फ्लॅश वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून ६४ बिट ब्राउझरशी निरोपानिरोपी करायचा, आणि ती वेगळी प्रोसेस मेली की व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन. फ्लॅशची ६४ बिट अल्फा नोव्हेंबर २००८ मध्ये आली, जून २०१० मध्ये काढून घेतली, आणि पक्की ६४ बिट आवृत्ती फ्लॅश ११ बरोबर ऑक्टोबर २०११ मध्ये. म्हणजे प्रोसेसर आल्यापासून आठ वर्षं. माझं या सगळ्यावरचं मत तेव्हाच बनलं आणि ताईच्या प्रकरणात ते आणखी पक्कं झालं. ओपन सोर्स प्रोग्रामला नवीन आर्किटेक्चर म्हणजे पुन्हा एकदा कंपाइल करणं, बंद प्रोग्रामला नवीन आर्किटेक्चर म्हणजे मालकाला गरज वाटेपर्यंत थांबणं. आणि गोष्ट फक्त प्रोसेसरची पण नसते, लोडर (तयार फाइल मेमरीत मांडणारा) बदलतो, कंपाइलर बदलतो, मेमरीच्या पेजचा आकार बदलतो, आणि ती तयार फाइल तिच्या जन्माच्या दिवशीच्या जगातच राहते. हे सगळे बदल पुढे एकेक करून आमच्या वाटेत आले.

रस्ते कुठले होते

पहिला रस्ता, ३२ बिट एआरएम ब्राउझर. जुने सल्ले सगळे हेच सांगतात आणि त्याला कारण आहे, एआरएम क्रोमबुकवर (गूगलच्या क्रोमओएस सिस्टीमचे लॅपटॉप) बराच काळ कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६४ बिट असला तरी बाकीची सिस्टीम ३२ बिट होती, त्यामुळे तिथून मिळणारं वाइडवाइन पण ३२ बिटच असायचं. रास्पबेरी पाय ओएसची ६४ बिट आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली तेव्हा त्यांनीही संरक्षित व्हिडिओसाठी ३२ बिट क्रोमियम बसवायचाच मार्ग दिला होता. तो चालतो, पण ग्राफिक्सपासून साउंडपर्यंत सगळ्या लायब्ऱ्या ३२ बिटच्या पुन्हा बसवाव्या लागतात, आणि मुळात प्रोसेसरला ३२ बिट मोड असावा लागतो, जो ॲपलच्या एम१ सारख्या चिपमध्ये नाहीच. दाजींचा लॅपटॉप नेमका तोच, एम१ वर लिनक्स टाकलेला, आणि ताईला धडे दोन्हीकडे बघायचे होते. रास्पबेरी पायवाल्यांकडे पुढे तयार पॅकेज आलं, ज्यांच्याकडे तो बोर्ड आणि तीच सिस्टीम आहे त्यांनी सरळ ते वापरावं, ताईचा बोर्ड दुसरा होता.

दुसरा रस्ता, बॉक्स६४ सारख्या, दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये अख्खा एक्स८६ ब्राउझर चालवायचा. एक संध्याकाळ करून बघितलं. ब्राउझर उघडला पण त्या छोट्या बोर्डवर तो इतका जड जात होता की रोज अभ्यासाला बसणाऱ्या माणसाच्या हातात ते देणं मला बरोबर वाटलं नाही.

तिसरा रस्ता आम्ही घेतला. क्रोमबुकची सिस्टीम आता ६४ बिट एआरएमवर पण येते, म्हणजे तिच्या इमेजमध्ये एआरएम६४ चं खरं वाइडवाइन असतंच. इमेज उतरवायची, आतली स्क्वॉशएफएस, म्हणजे दाबलेली फाइल सिस्टीम, उलगडायची, एसओ फाइल बाहेर काढायची. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, यात कुलूप तोडणं नाही. किल्ली साइटकडूनच येते, ताईने पैसे भरलेत म्हणून येते. पण ती फाइल तिच्या मालकाची आहे, दुसऱ्या सिस्टीमसाठी दिलेली आहे, ती कुणाला कॉपी करून वाटायची नाही, ज्याने त्याने आपली उतरवायची आणि अटी आधी वाचायच्या. मी ताईला पण हे समजावून सांगितलं आणि तिच्या होकारानंतरच पुढे गेलो.

फाइल बरोबर आर्किटेक्चरची, तरी लोड होईना

ब्राउझरच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली आणि काळा चौकोन तसाच. ब्राउझर अशा वेळी काहीच सांगत नाही, प्लगिन लोड झाला नाही तर तो नाहीच असं समजून पुढे जातो. त्यामुळे सगळ्यात उपयोगाची युक्ती ही, ब्राउझरला बाजूला ठेवा आणि तीच एसओ फाइल पायथनच्या सीटाइप्सने लोड करून बघा. एका ओळीचं काम आहे. लोड झाली तर काहीच छापत नाही, नाही झाली तर लोडर नेमकी एरर सांगतो. पुढचं सगळं या एका ओळीच्या जोरावर सापडलं.

पहिली एरर, एक सिम्बॉल, म्हणजे फंक्शनचं नाव, सापडत नाही. नाव एआर्च६४ ने सुरू होणारं, पुढे एलडीॲड४ आणि शेवटी ॲक्वायर-रिलीज. याचं मूळ असं. एकाच वेळी दोन थ्रेड एका आकड्याला हात लावणार असतील तर ती बेरीज अखंड व्हावी लागते, तिला अ‍ॅटॉमिक म्हणतात. जुन्या एआरएमव्ही८ ला हे करायला तीन-चार सूचनांचा लूप लागतो, ८.१ पासून एकच सूचना आहे. मग कंपाइलरने कुठली वापरायची? जीसीसी या कंपाइलरच्या आवृत्ती १० पासून डीफॉल्ट असं झालं की थेट सूचना न टाकता एका छोट्या मदतनीस फंक्शनला बोलवायचं, ते चालू असताना प्रोसेसर बघून ठरवेल. आपल्या लिनक्सवर हे मदतनीस फंक्शन प्रत्येक लायब्ररीच्या पोटातच जोडलेलं असतं, बाहेर कुणाला दिसत नाही. वाइडवाइनची फाइल मात्र ते बाहेरून मिळेल असं धरून चालते. क्रोमबुकवर मिळत असणार, आपल्याकडे नाही मिळत.

उपाय सोपा, आपणच तेवढी फंक्शन्स सी मध्ये लिहायची, एक बेरीज आणि एक अदलाबदल, दोनच लागतात, दहा ओळींची लायब्ररी, आणि एलडी प्रीलोडने आधी लोड करायची. यात एक खड्डा आहे. कंपाइल करताना, मदतनीसाला बोलवायची ही पद्धत म्हणजेच आउटलाइन अ‍ॅटॉमिक्स बंद करणारा पर्याय द्यायलाच हवा. नाहीतर आपण लिहिलेल्या फंक्शनच्या आतली बेरीज करायला कंपाइलर त्याच नावाच्या मदतनीसाला बोलवतो, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलवत राहतं. माझ्याकडून पहिल्यांदा तो राहिला आणि चाचणीचा प्रोग्राम शंभर टक्के सीपीयू खात अडकून बसला, कारण कळायला अर्धा तास गेला.

ती एरर गेली आणि त्याजागी सरळ सेगमेंटेशन फॉल्ट. एरर नाही, मजकूर नाही, प्रोसेस मेली. हा या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग होता म्हणून जरा सावकाश सांगतो.

शेअर्ड लायब्ररी मेमरीत कुठल्याही पत्त्यावर बसू शकते, त्यामुळे तिच्या आत जिथे जिथे "अमुक पत्त्यावर जा" असं लिहिलंय ते पत्ते लोडरला दुरुस्त करावे लागतात. कुठले कुठले दुरुस्त करायचे याची यादी फाइलमध्येच असते, ती म्हणजे रिलोकेशन टेबल. मोठ्या सी++ लायब्ररीत ही यादी खूप लांब होते, एकेका नोंदीला २४ बाइट. म्हणून आरईएलआर नावाची दाबलेली यादी निघाली, तिच्यात एक पत्ता आणि त्यामागे बिटमॅप, एका ८ बाइटच्या बिटमॅपमध्ये पुढच्या ६३ जागांची माहिती. जागा प्रचंड वाचते. पण ही यादी वाचता येणारा लोडर हवा, आणि जीलिबसीला (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, लोडर तिच्यासोबतच येतो) ते आवृत्ती २.३६ पासून येतं, ऑगस्ट २०२२ ची. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५.

जुना लोडर काय करतो? ओळखीचा नसलेला टॅग दिसला की सोडून देतो. तक्रार करत नाही. म्हणजे लायब्ररी "लोड" होते पण आतले हजारो पत्ते दुरुस्त न केलेले, आणि सुरुवातीचं पहिलं फंक्शन बोलवलं की प्रोसेस भलत्याच ठिकाणी उडी मारते आणि मरते. रीडईएलएफने डायनॅमिक सेक्शन बघितला, त्यात आरईएलआर स्पष्ट लिहिलेलं, आणि एलडीडी कमांडला जीलिबसीची आवृत्ती विचारली तर २.३५. एका आकड्याने चुकलो होतो. इतके तास मी माझ्या दहा ओळींच्या लायब्ररीवर संशय घेत होतो आणि ती बिचारी बरोबर होती.

जीलिबसी हाताने बदलायच्या फंदात कुणी पडू नये, अख्खी सिस्टीम तिच्यावर उभी असते. ताईचं सगळं बॅकअप घेतलं आणि तिला २४.०४ वर नेलं, तिथे जीलिबसी २.३९. पुन्हा ती पायथनची ओळ. आता फॉल्ट नाही, एरर आली, आणि चक्क वाचता येणारी. या फाइलमध्ये आरईएलआर आहे पण जीलिबसी एबीआय आरईएलआर ही डिपेंडन्सी नाही, म्हणून लोड करत नाही.

म्हणजे काय, तर जीलिबसीवाल्यांनी मघाचाच धोका ओळखून नियम केला की जी फाइल दाबलेली यादी वापरेल तिने सोबत एक चिठ्ठी ठेवायची, मला अमुक एबीआय (तयार कोडचा आपसातला करार) लागतो म्हणून. जुन्या लोडरला ती चिठ्ठी पुरवता येत नाही त्यामुळे तो आधीच स्पष्ट नकार देतो, मध्येच मरत नाही. चांगला नियम आहे, मला तर पूर्ण पटला कारण त्याच्या अभावाने माझा एक दिवस गेला होता. पण वाइडवाइनच्या फाइलमध्ये ती चिठ्ठी नाही आणि सोर्स आपल्याकडे नाही की पुन्हा लिंक करून घालता येईल. दहा ओळींचं सी इथे उपयोगाचं नाही, फाइलच्या आतल्या आवृत्त्यांच्या तक्त्यात नोंद घालावी लागते.

तीच फाइल, दुसरी एरर

हे अडलं तेव्हा ताई म्हणाली, दाजींच्या लॅपटॉपवर बघ ना, तो नवीन आहे. तिथली सिस्टीम फेडोरा लिनक्स, ताजी, जीलिबसी नवीन, मला वाटलं तीच चिठ्ठीची एरर येईल. आली वेगळीच. ईएलएफ लोड कमांडची अलाइनमेंट पेजला जुळत नाही. दाजी शेजारी बसून बघत होते, त्यांनी विचारलं, "फाइल तीच ना? आणि हा पण एआरएमच ना?" फाइल तीच, आर्किटेक्चर तेच. मी म्हटलं, "दाजी, दोन मिनिटं द्या मला," आणि दोन्हीकडे गेटकॉन्फने पेजसाइझ विचारला. बोर्डवर ४०९६. लॅपटॉपवर १६३८४.

कर्नल मेमरी पेजच्या मापाने वाटतो, आणि वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी पण अख्ख्या पेजलाच देतो, अर्ध्या पेजला नाही. इंटेलच्या जगात पेज म्हणजे ४ केबी हे इतकं ठरलेलं आहे की लोक ते गृहीतच धरतात. एआरएम६४ मध्ये ४, १६ आणि ६४ केबी तिन्ही चालतात, आणि एम१ च्या लिनक्स कर्नलमध्ये १६ केबी आहे. रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नल पण १६ केबीचाच, तिथे निदान कॉन्फिग फाइलमध्ये कर्नल८ ही इमेज निवडून ४ केबीवर जाता येतं. वाइडवाइनची फाइल ४ केबीच्या हिशोबाने लिंक केलेली, तिच्यात कोडचा भाग संपून डेटाचा भाग सुरू होतो ती सीमा ४ केबीच्या पटीत येते पण १६ केबीच्या पटीत येत नाही, आणि लोडर म्हणतो हे मला मांडताच येणार नाही.

याचा शोध घेतानाच 'असाही लिनक्स' नावाच्या प्रकल्पाच्या मंडळींचं वाइडवाइन-इन्स्टॉलर सापडलं. ॲपलच्या चिपवर लिनक्स चालवणारी हीच मंडळी, त्यांना हे सगळे अडथळे आधीच येऊन गेलेले. त्यातली पायथन स्क्रिप्ट गूगलच्या सर्व्हरवरून उतरवलेल्या मूळ फाइलवर नेमकी तीन कामं करते, हरवलेली अ‍ॅटॉमिक फंक्शन्स आत भरते, आरईएलआरची चिठ्ठी घालते, आणि सेगमेंटची (कोड, डेटा अशा भागांची) मांडणी मोठ्या पेजला जुळवते. मी ती ओळ न ओळ वाचली, आणि आधी हाताने धडपडलो होतो म्हणूनच ती मला कळली.

तिसऱ्या कामाची किंमत आहे ती पण सांगायला हवी. कोड आणि डेटा एकाच पेजमध्ये आले की त्या पेजला लिहायची आणि चालवायची दोन्ही परवानग्या द्याव्या लागतात, आणि या दोन परवानग्या एकत्र असू नयेत हा सुरक्षेचा जुना नियम आहे. ज्या लायब्ररीचा सोर्स कुणाला दिसत नाही तिच्याच बाबतीत तो सैल करणं मला खटकतं. म्हणून दोन्ही मशीनवर कोर्ससाठी फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल केलं, वाइडवाइनचं सेटिंग फक्त त्यात चालू, आणि बँक, मेल वगैरे नेहमीच्या प्रोफाइलमध्ये, जिथे ते बंदच आहे.

ब्राउझरच्या बाजूचं

पायथनची ओळ दोन्हीकडे गप्प राहिली, म्हणजे फाइल लोड झाली. आता फायरफॉक्सला ती दाखवायची. एमओझेड जीएमपी पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फाइलच्या फोल्डरकडे वळवायचा, आणि अबाउट कॉन्फिगमध्ये वाइडवाइनची सेटिंग्ज, दिसू दे, चालू कर, आवृत्तीच्या जागी सिस्टीम-इन्स्टॉल्ड, आणि ऑटोअपडेट बंद. व्हेरिएबल लॉगइनच्या वेळी वाचला जातो, त्यामुळे लॉगआउट करून परत यायचं, नुसता ब्राउझर बंद करून भागत नाही.

लॅपटॉपवर लगेच झालं. बोर्डवर नाही झालं आणि इथे परत एक तास गेला. उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप पॅकेजमधून येतो, स्नॅप स्वतःच्या कुंपणात चालतो, आणि आपण सिस्टीमच्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल त्याला आतून दिसतच नाही. मोझिलाने मार्च २०२५ मध्ये, फायरफॉक्स १३६ पासून, एआरएम६४ लिनक्ससाठी अधिकृत बिल्ड द्यायला सुरुवात केली आहे, तो घेतला आणि प्लगिनच्या यादीत वाइडवाइन दिसलं. ताईने टाळी वाजवली, आणि धडा उघडला तर साइट म्हणते तुमची सिस्टीम सपोर्टेड नाही.

हे मात्र वाइडवाइनचं नव्हतं. काही साइट प्लगिन आहे का ते न विचारताच ब्राउझरची ओळखओळ, म्हणजे तो स्वतःबद्दल साइटला पाठवतो ती ओळ, वाचून ठरवतात, त्यात लिनक्स एआर्च६४ दिसलं की दार बंद. ओळखओळीत त्या प्रोफाइलपुरतं क्रोमओएसचं नाव घातलं आणि धडा सुरू झाला. मला हे करायला आवडत नाही, कारण असं करून आपण साइटच्या आकडेवारीत आपलीच मोजणी पुसून टाकतो आणि मग ते म्हणतात एआरएम लिनक्सवाले आमच्याकडे येतच नाहीत. म्हणून ताईच्या नावाने कोर्सवाल्यांना व्यवस्थित लिहून कळवलं की एक विद्यार्थिनी या मशीनवरून शिकतेय, इतके पैसे भरून, कृपया ओळखओळीऐवजी ईएमई आहे का ते तपासा. उत्तर आलं की या प्रकारच्या मशीनवर ते चाचणी करत नाहीत, पण सगळ्या धड्यांच्या स्लाइडची पीडीएफ त्यांनी पाठवून दिली.

ती पीडीएफ फार उपयोगी पडली. वाइडवाइनचे सुरक्षेचे तीन स्तर असतात, आणि डेस्कटॉप लिनक्सवर सगळं काम सॉफ्टवेअरमध्येच होत असल्याने सगळ्यात खालचा एल३ मिळतो. बऱ्याच साइट एल३ ला एचडी देत नाहीत. ताईला पण कमी दर्जाचाच व्हिडिओ येतो, शिकवणारे नीट दिसतात, आवाज स्वच्छ आहे, पण स्लाइडवरची बारीक अक्षरं पुसट. त्याला इथून काही उपाय नाही. आता ती एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला पीडीएफ उघडून बसते.

जाताना तिच्या डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाइल ठेवली, साध्या भाषेत. व्हिडिओ बंद पडला तर आधी यादीत वाइडवाइन आहे का बघ, नसेल तर ही पायथनची ओळ चालव आणि जे छापून येईल ते मला पाठव, जुनी आवृत्ती सर्व्हरने नाकारली असेल तर ही स्क्रिप्ट पुन्हा चालवून नवीन फाइल घे. परवा रात्री तिचा फोन आला. सिस्टीम अपडेटनंतर व्हिडिओ लागेना म्हणून तिने माझी वाट न बघता स्क्रिप्ट चालवली होती, लॉगआउट करून परत आली होती, आणि आता ती पायथनची ओळ मारून बसली होती.

"अरे, काहीच छापत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे लोड झाली गं. उघड धडा."